‘शास्त्रज्ञ-व्यवसायी’ : एका समासाचा विग्रह

एखाद्या विद्याशाखेतील सर्वोच्च पदवी कोणत्या गुणांची साक्ष म्हणून दिली जाते हे पाहावयाचे झाल्यास त्या पदवीची नियमावली चाळणे हा सरळ मार्ग होय. चिकित्सा-मानसशास्त्रातील डॉक्टरेटच्या बाबतीत हा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही. तेथे नियमावलीपेक्षा एक जोडशब्द अधिक बोलका आहे. ‘सायंटिस्ट-प्रॅक्टिशनर’ हा तो शब्द. मराठीत ‘शास्त्रज्ञ-व्यवसायी’ असा त्याचा पर्याय करता येईल. ‘व्यवसायी’ या शब्दाला मराठीत जो दुकानदारीचा वास येतो तो मूळ शब्दाला नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. अमेरिकेतील विद्यापीठांत गेली पाऊणशे वर्षे ही पदवी बव्हंशी या शब्दाच्या छायेखाली दिली जात आहे. तिच्यासाठी विद्यार्थी सामान्यतः पाच ते सात वर्षे खर्ची घालतो, आणि या वर्षांत तो नेमका कोण होत असतो याविषयीचा वाद त्या शब्दाच्या दोन पदांमधील लहानशा आडव्या रेषेपाशी येऊन थांबतो. ही रेषा जोडते की तोडते, हा वरवर पाहता व्याकरणाचा प्रश्न आहे. तथापि विद्यार्थ्याची वर्षे, प्रबंधाचे स्वरूप आणि शेवटी उपचारासाठी येणाऱ्या माणसाचे हित त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे तो केवळ व्याकरणाचा राहत नाही.

या शाखेच्या उंबरठ्यावरच भाषा उभी होती, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. 1896 साली फिलाडेल्फियातील एका शाळाशिक्षिकेने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विट्मर यांच्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा आणला. त्याला शब्दांचे स्पेलिंग काही केल्या जमत नसे. विट्मर हे लाइप्झिग येथे व्हुंट यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून आलेले. प्रयोगशाळेतील मोजमापे हे त्यांचे शिक्षण. मानसशास्त्र हे शास्त्र असेल तर या मुलाला त्याचा काही उपयोग व्हावयास हवा, या साध्या विचारातून त्यांनी त्याच वर्षी पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. पुढे 1907 साली स्वतःच्या नियतकालिकात त्यांनी या शाखेचे नामकरण केले. ‘क्लिनिकल’ हा शब्द वैद्यकाकडून उसना घेतला असल्याची कबुली त्यांनी तेथे दिली आहे, आणि या शब्दाने रुग्णशय्या नव्हे तर एक अभ्यासपद्धती सूचित होते, असा खुलासाही केला आहे. मूळ ग्रीक शब्दात ‘बिछाना’ हाच अर्थ आहे. पद्धतीसाठी म्हणून घेतलेल्या या शब्दाबरोबर वैद्यकाशी अखंड तुलनेचे ओझेही या शाखेच्या खांद्यावर आले, आणि पुढील बऱ्याच घडामोडींचे कारण ते ओझे होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर मनोविकारांनी ग्रस्त असे हजारो सैनिक अमेरिकेत परतले. त्यांच्यासाठी मनोविकारतज्ज्ञ पुरेनात. तेव्हा तेथील माजी सैनिकांच्या प्रशासनाने 1946 साली 22 विद्यापीठांच्या साहाय्याने सुमारे 200 विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण सुरू केले आणि रुग्णालयातील चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाच्या पदासाठी डॉक्टरेटची अट घातली. ही अट ज्ञानाच्या अंतर्गत गरजेतून आली असे म्हणणे कठीण आहे. रुग्णालयात वैद्यकीय पदवीधराच्या शेजारी बसावयाचे तर नावामागे ‘डॉक्टर’ ही उपाधी हवी, हा विचार त्यामागे नव्हता असे कोण म्हणेल? लॅटिनमध्ये ‘डॉक्टर’ म्हणजे शिकविणारा. तो शब्द वैद्यांनी विद्यापीठाकडून केव्हाच उचलला होता. आता मानसशास्त्रज्ञांनी वैद्यांची बरोबरी करण्यासाठी तो विद्यापीठातून पुन्हा मागून घेतला.

या प्रशिक्षणाचा आराखडा डेव्हिड शाकॉ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1947 साली प्रसिद्ध केला. अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यांतील तिसरे वर्ष रुग्णालयातील उमेदवारीचे. शाकॉ यांचे स्वतःचे चरित्र या आराखड्यावरील उत्तम भाष्य आहे. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात ते 1928 साली दाखल झाले. हार्वर्डची डॉक्टरेट त्यांच्या पदरात पडली ती 1942 साली. मधली चौदा वर्षे ते छिन्नमनस्क रुग्णांमध्ये वावरत होते, आणि छिन्नमनस्कतेतील मानसिक ऱ्हास हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांच्या ठायी शास्त्रज्ञ आणि उपचारक खरोखरच एकत्र नांदले. परंतु ते चार वर्षांत नव्हे. आराखडा करणाऱ्याने आपल्या आयुष्याचे सार काढून त्याचा अभ्यासक्रम बनविला, आणि सार काढताना काळ तेवढा वगळला गेला.

1949 सालच्या 20 ऑगस्टपासून 3 सप्टेंबरपर्यंत कोलोरॅडोतील बोल्डर येथे 73 प्रतिनिधींची जी परिषद भरली, तिने या आराखड्यावर शिक्कामोर्तब केले. व्हिक्टर रेमी यांनी संपादिलेला तिचा अहवाल 1950 साली पुस्तकरूपाने निघाला. या शाखेच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. वाचला मात्र तो अलीकडे फारसा जात नसावा. वाचल्यास असे दिसते की, दोन आठवड्यांत संमत झालेल्या सुमारे सत्तर ठरावांच्या या ग्रंथाची भाषा ‘असावे’, ‘व्हावे’, ‘इष्ट आहे’ अशी विध्यर्थी आहे. समितीच्या गद्याचा हा नेहमीचाच दोष. तो क्षम्य मानला तरी ज्या ठिकाणी कारणे दिली आहेत तेथे वाचकाने थांबावे. संशोधन आणि उपचार ही दोन्ही शिक्षणे एकाच विद्यार्थ्याला का द्यावीत? एकच अंग शिकलेला माणूस एकांगी होतो, हे एक कारण. दोहोंची आवड आणि कुवत असलेले विद्यार्थी पुरेसे मिळतील, हे दुसरे. उपचाराच्या अनुभवातून संशोधनाचे विषय सुचतील, हे तिसरे. आणि चौथे असे की, या क्षेत्रात अद्याप भरवशाचे ज्ञान फार थोडे आहे; म्हणून उपचार करणाऱ्याने संशोधकही असले पाहिजे.

या चौथ्या कारणाचे वजन इतर सर्वांहून अधिक आहे. पहिले तीन आशावादाचे प्रकार होत. चौथे प्रांजळ अज्ञानाची कबुली आहे. मानसोपचार म्हणजे काय यावर एकमत नसताना त्याच्या कसून शिक्षणाची शिफारस आपण करीत आहोत, या विसंगतीवर परिषदेतील मंडळी स्वतःच हसली होती, आणि तो विनोद अहवालाने जपून ठेवला आहे. परंतु या कारणाचा तार्किक शेवट अहवालाने पाहिलेला नाही. ज्ञान अपुरे आहे म्हणून दोन भूमिका एकत्र हव्यात, असे म्हटले की ज्ञान पुरेसे झाल्यावर त्या विभक्त होण्यास हरकत नाही, असे आपोआप ठरते. म्हणजे ज्या सांध्यावर सारी इमारत उभी आहे तो सांधा तात्पुरता आहे, असे अहवालाच्याच युक्तिवादातून निष्पन्न होते.

आता त्या शब्दाकडे वळावे. समासांच्या विवेचनात पाश्चात्त्य भाषाशास्त्राने संस्कृत संज्ञाच स्वीकारल्या. ब्लूमफील्ड यांच्या 1933 सालच्या ग्रंथात द्वंद्व, तत्पुरुष, कर्मधारय ही नावे जशीच्या तशी येतात. तेव्हा अमेरिकन समासाचा विग्रह आपल्या परिभाषेत करण्यात कोणतीही ओढाताण नाही. ‘शास्त्रज्ञ-व्यवसायी’ हा द्वंद्व मानला तर तो कोणता द्वंद्व, हे सांगावे लागेल. मराठी व्याकरण द्वंद्वाचे तीन प्रकार सांगते. ‘आईबाप’ हा इतरेतर. त्यात दोघेही हवेत आणि दोघेही सारख्या मानाचे. ‘खरेखोटे’ हा वैकल्पिक. त्यात एक असेल तर दुसरे नाही. ‘मीठभाकर’ हा समाहार. त्यात नावे दोन घेतली तरी कोरड्यासापासून कांद्यापर्यंत सगळेच अभिप्रेत असते. बोल्डरचा अहवाल इतरेतर द्वंद्वाची भाषा बोलतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा वैकल्पिक आला. आणि विद्यापीठांतील विभागांनी त्याच्याकडून जी अपेक्षा केली ती समाहाराची होती : त्याने शिकवावे, चाचण्या घ्याव्यात, अनुदानाचे अर्ज लिहावेत आणि उरल्या वेळात शास्त्रज्ञ व उपचारक व्हावे.

कर्मधारय मानण्याचाही एक पक्ष आहे. इंग्रजीत ‘अ‍ॅक्टर-मॅनेजर’ म्हणजे एक नट आणि एक व्यवस्थापक असे दोघे नव्हेत. दोन्ही असलेला एकच मनुष्य. त्या न्यायाने शास्त्रज्ञ आणि व्यवसायी ही एकाच व्यक्तीची दोन विशेषणे ठरतात. हा अर्थ सर्वांत उदात्त आणि म्हणून आचरणात सर्वांत दुर्घट. नरसिंहाला उंबरठ्यावर बसून आपले कार्य एका सायंकाळी उरकता आले. चिकित्सा-मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला उंबरठ्यावर पाच ते सात वर्षे काढावी लागतात. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्रजीत या समासाचे अनेकवचन करताना प्रत्यय शेवटच्या पदालाच लागतो. रूपाच्या दृष्टीने प्रधान पद ‘व्यवसायी’ हे ठरते. विद्यापीठाने मात्र व्यवहारात पूर्वपदालाच प्रधान मानले. रूप एक सांगते आणि व्यवहार दुसरे करतो, अशी ही स्थिती आहे.

ती प्रबंधात सर्वांत स्पष्ट दिसते. पीएच्.डी.चा प्रबंध ज्या विभागांत तपासला जात होता तेथील परंपरा प्रयोगशाळेची होती. मौलिक भर म्हणजे मोजता येण्याजोगी भर, असा तेथील संकेत. रुग्णालयात उमेदवार ज्या माणसांसमोर बसला त्यांचे वृत्तांत एका वहीत राहिले, आणि प्रबंध दुसऱ्याच वहीतून लिहिला गेला. या विभागणीचे फळ पुढे दिसून आले. पदवीनंतर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किती संशोधन प्रसिद्ध करतात याच्या पाहण्या झाल्या, तेव्हा सर्वाधिक वेळा आढळणारा आकडा शून्य निघाला. प्रबंध हे शास्त्रज्ञाचे पहिले पाऊल असावयाचे. बहुसंख्यांच्या बाबतीत ते शेवटचे ठरले. याचा दोष विद्यार्थ्यांच्या आळसाला देण्याची प्रथा आहे. ज्या लेखनाचा स्वतःच्या रोजच्या कामाशी संबंध नाही ते लेखन मनुष्य सक्ती संपताच थांबवितो, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

विद्यार्थ्यांच्या निवडीचा प्रयत्नही येथे उल्लेखिला पाहिजे, कारण त्यात या शाखेने स्वतःलाच तपासले. माजी सैनिकांच्या प्रशासनाच्या योजनेतील विद्यार्थ्यांपैकी पुढे कोण यशस्वी होईल याचे भाकीत करण्याचा मोठा प्रकल्प मिशिगन विद्यापीठात हाती घेण्यात आला. लोवेल केली आणि डोनाल्ड फिस्क यांनी त्याचे निष्कर्ष 1951 साली प्रसिद्ध केले. मुलाखती, शाईच्या डागांवरील चाचण्या, तज्ज्ञांचे अभिप्राय या साऱ्या खटाटोपाने, अर्जातील साध्या माहितीत आणि वस्तुनिष्ठ चाचण्यांत फारशी भर घातली नाही, असे आढळले. जी साधने वापरावयास विद्यार्थी शिकत होता ती त्याच्यावरच चालविली असता बोथट निघाली. पुढे केली यांनी याच मंडळींचा मागोवा घेतला, तेव्हा पुन्हा संधी मिळाल्यास दुसरा व्यवसाय पत्करू असे म्हणणारेही त्यांत पुष्कळ निघाले.

बोल्डरच्या विरोधकांचे दोन पक्ष झाले, आणि गंमत अशी की, दोघांनीही आपले मत नव्या समासातच मांडले. इंग्लंडमधून हान्स आयझेंक यांनी 1949 सालीच असा आक्षेप घेतला होता की, उपचार हे मानसशास्त्रज्ञाचे कामच नव्हे. 1952 साली त्यांनी मानसोपचाराच्या परिणामकारकतेवरच प्रश्नचिन्ह लावले. (इंग्लंडने पुढे हे मत बाजूस ठेवले आणि उपचारासह तीन वर्षांची व्यवसायनिष्ठ डॉक्टरेट स्वीकारली, हे ओघाने आलेच.) अमेरिकेत 1968 साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड पीटरसन यांनी साय.डी. ही निराळी पदवी सुरू केली, आणि 1973 साली कोलोरॅडोतीलच व्हेल येथील परिषदेने तिला मान्यता दिली. या पंथाचा शब्द ‘प्रॅक्टिशनर-स्कॉलर’, म्हणजे व्यवसायी-विद्वान. येथे पदांचा क्रम उलटला, आणि ‘शास्त्रज्ञ’ जाऊन ‘विद्वान’ आला; ज्ञान निर्माण करण्याऐवजी ते वाचून पचविणे पुरेसे मानले गेले. उलट बाजूने इंडियाना विद्यापीठातील रिचर्ड मॅकफॉल यांनी 1991 साली जाहीरनामा काढून ‘क्लिनिकल सायंटिस्ट’ या शब्दाचा पुरस्कार केला. त्यात रेषाच नाही. विशेषण आणि विशेष्य. विशेष्य अर्थातच शास्त्रज्ञ. तिन्ही शब्द एका ओळीत मांडले की या पदवीचा अर्धशतकाचा इतिहास वेगळा सांगावयास नको.

या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली, आणि तेथेच त्यांच्यावर मुख्य आक्षेप घ्यावा लागतो. संशोधन आणि उपचार या दोन जागा आहेत, विद्यार्थ्याने एकीतून दुसरीत ये-जा करावयाची, आणि वाद फक्त कोणत्या जागी किती काळ राहावे एवढाच, हे ते गृहीत होय. वास्तविक या दोन गोष्टी एकाच जागी घडू शकतात असा पुरावा बोल्डरच्याही आधीचा आहे. 1940 नंतर ओहायो राज्य विद्यापीठात कार्ल रॉजर्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी उपचाराच्या बैठका फोनोग्राफच्या तबकड्यांवर मुद्रित करण्यास प्रारंभ केला. रॉजर्स यांच्या 1942 सालच्या पुस्तकात हर्बर्ट ब्रायन या टोपणनावाच्या एका सल्लार्थीच्या आठही बैठका अथपासून इतिपर्यंत, शब्दाला शब्द, छापल्या आहेत. त्यापूर्वी उपचारक बैठकीनंतर आठवणीने जे लिहून काढी तोच वृत्तांत. आणि आठवण ही उपचारकाच्या सिद्धान्ताशी नेहमीच सौजन्याने वागते. तबकडीला सिद्धान्त नसतो. उपचारक कोठे घाईने बोलला, समोरच्याने वाक्य अर्ध्यावर का सोडले, शांतता किती वेळ टिकली, हे आता तपासता येऊ लागले. रॉजर्स यांचे विद्यार्थी बर्नार्ड कव्हनर यांनी ध्वनिमुद्रित बैठकांची तुलना उपचारकांनी लिहिलेल्या टिपणांशी केली आणि टिपणांतून किती गळते हे दाखविले. येथे विद्यार्थी ज्या संभाषणातून उपचार शिकत होता तेच संभाषण त्याच्या संशोधनाची सामग्री होते. रेषेची आवश्यकताच उरली नव्हती.

मग ही वाट का बुजली? काही अंशी ती रॉजर्स यांच्याच गटाने सोडली. शिकागो विद्यापीठात त्यांनी आणि रोझलिंड डायमंड यांनी 1954 साली जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शंभर विधानांच्या पत्त्यांची पद्धती मुख्य ठरली. सल्लार्थीने ‘मी असा आहे’ अशा आशयाची शंभर विधाने स्वतःला लागू पडतील त्या क्रमाने लावावयाची, आणि उपचारापूर्वीचा व नंतरचा क्रम यांची तुलना करावयाची. ही विधाने मुळात उपचाराच्या बैठकांतून वेचलेली होती. पत्त्यांवर छापताना ती स्पष्टतेसाठी घासूनपुसून घेतली गेली. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रसंग विशेष बोचणारा आहे. कोणा एका माणसाच्या तोंडून, कोणत्या तरी क्षणी, अडखळत आलेले वाक्य घ्यावयाचे. त्याचे अडखळणे काढून टाकावयाचे. आणि मग ते दुसऱ्याच्या हाती देऊन ‘हे तुला लागू पडते का’ असे विचारावयाचे. यातून सहसंबंधांकाची गणिते सुबक होतात, यात शंका नाही. आणि त्या काळी उपचाराचा परिणाम आकड्यांत दाखविणे अगत्याचे होते. आयझेंक यांचा आक्षेप ताजा होता. शिकागोच्या गटाला त्यासाठी नावे ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु त्या दिवसापासून प्रबंधाची सामग्री संभाषण ही न राहता प्रश्नावली झाली, आणि आजही बहुतांशी तीच आहे.

बुजलेल्या वाटेवर पुढे जे दोनतीन वाटसरू दिसतात त्यांत भाषाशास्त्रज्ञ आहेत, हे सहज घडलेले नाही. पिटेंजर व डॅनेही यांच्यासह चार्ल्स हॉकेट यांनी 1960 साली एका मनोविकारविषयक मुलाखतीच्या केवळ पहिल्या पाच मिनिटांवर संपूर्ण ग्रंथ लिहिला. 1977 साली विल्यम लबॉव्ह आणि डेव्हिड फॅनशेल यांनी उपचारात्मक संभाषणाच्या अशाच एका छोट्या तुकड्याचे विश्लेषण केले. पाच मिनिटांना एक ग्रंथ हे प्रमाण पाहता कोणताही मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्याला या मार्गाने पाठविण्यास कचरेल, हे समजण्यासारखे आहे.

भारतात या समासाचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. बोल्डरच्या कितीतरी आधी, 1921 साली, वैद्यकीय व्यवसाय करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंधासाठी कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. उपचारकाने उपचाराच्या अनुभवातून प्रबंध लिहिण्याचा तो उत्तम नमुना होय. पण त्याची परंपरा झाली नाही. बंगळूर येथे 1954 साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी तेथे वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. याच पदविकेचे रूपांतर कालांतराने दोन वर्षांच्या एम्.फिल.मध्ये झाले. 1992 च्या पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी परिषदेकडे सोपविली, आणि 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील व्याख्येने परिषदमान्य प्रशिक्षणालाच प्रमाण मानले. परिणाम असा की, येथे उपचाराचा अधिकार एका पदवीने आणि शास्त्रज्ञाचा मान दुसऱ्या पदवीने मिळू लागला. महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाची मानसशास्त्रातील पीएच्.डी. मिळविणारा विद्यार्थी तेवढ्यावर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंद मागू शकत नाही. अमेरिकेने ज्या रेषेवर अर्धशतक वाद घातला ती रेषा येथे पुसून तिच्या जागी कोरी जागा सोडली गेली. दोन शब्द सुटे झाले. त्यातही 2022 च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने एम्.फिल. पदवीच बंद केली, आणि या विषयासाठी तिला 2025-26 या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून दिली. सुट्या झालेल्या दोन शब्दांपैकी एकाचा आधारच असा काढून घेतल्यावर नवा समास कोणता करावयाचा, हा प्रश्न येथे आता उभा राहिला आहे.

तो अमेरिकेतून आयता उचलण्यापूर्वी मराठीपुरता तरी थोडा विचार व्हावा. मानसिक अवस्थेविषयी बोलताना मराठी माणूस स्वतःला कर्ता क्वचित करतो. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘डोकं सुन्न झालंय’ या वाक्यांत कर्ता जीव, मन किंवा डोके आहे. बोलणारा बाजूला उभा राहून त्यांची हकिकत सांगतो. ‘मला वाईट वाटतं’ या वाक्यात तो आहे, पण चतुर्थीत. प्रमाणित प्रश्नावल्या मात्र बहुधा प्रथमपुरुषी कर्त्याच्या विधानांनी भरलेल्या असतात, आणि भाषांतरात तो ‘मी’ इमानाने आणला जातो. ‘मी दुःखी आहे’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असले तरी दवाखान्यातील बाकावर बसलेली सातारकडची बाई ते उच्चारणार नाही. ‘काळजी’ या शब्दाची कथा याहून अवघड आहे. काळजी वाटणे हे लक्षण होईल. काळजी करणे हे स्वभावाचे वर्णन होईल. काळजी घेणे हा तर सद्गुण. ‘मी घरच्यांची फार काळजी करते’ या विधानापुढे जी गृहिणी ‘होय’ अशी खूण करील, तिने विकार कबूल केला की कर्तव्य सांगितले, हे त्या खुणेवरून कळत नाही. संभाषणात तिला आणखी एक वाक्य बोलू दिले तर कळते. प्रबंधाच्या परिशिष्टात प्रश्नावलीचे भाषांतर जोडले जाते, आणि ते आणखी एक वाक्य कोठेच नोंदले जात नाही. प्रबंध इंग्रजीत असला म्हणजे तर ते वाक्य दोन पायऱ्या दूर जाते.

ध्वनिमुद्रणाच्या मार्गात अडचणी आहेत. रुग्णाची संमती हवी, ओळख झाकली पाहिजे. 2017 च्या कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, आणि तो मानलाच पाहिजे. लहान गावात टोपणनाव पुरत नाही, बोलीवरूनही घर ओळखता येते. परंतु या अडचणी पद्धतीच्या आहेत. त्यांमुळे तत्त्व बाधित होत नाही.

या शाखेच्या मराठी नावातही विचार करण्याजोगे काही आहे. हिंदीच्या प्रभावाने ‘नैदानिक’ हा शब्द मराठीतही बराच वापरला जातो. चरकसंहितेत निदानस्थान निराळे आणि चिकित्सास्थान निराळे आहे. ‘नैदानिक’ म्हटल्याने यातील पहिल्याचाच बोध होतो. ‘चिकित्सा’ हा शब्द अधिक सोयीचा आहे, आणि तो केवळ उपचार या अर्थामुळे नव्हे. पाणिनीने ज्या धातूंना इच्छार्थ नसतानाही सन् प्रत्यय सांगितला आहे त्यांत ‘कित्’ आहे. टीकाकारांनी त्याचा अर्थ रोगाचा प्रतिकार असा दिला, आणि ‘वि’ हा उपसर्ग लागला की त्याच धातूपासून ‘विचिकित्सा’, म्हणजे संशय. मराठीने हे दोन्ही अर्थ एकाच रूपात सामावून घेतले. येथे ‘चिकित्सक’ म्हणजे वैद्यही आणि शब्दाशब्दाला हटकणारा वाचकही; भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी आवृत्ती सिद्ध केली तिला मराठीत चिकित्सक आवृत्तीच म्हणतात. पाठभेद टाकून न देता तळटीपेत जपून ठेवणे, ही त्या चिकित्सेची पहिली अट.

रुग्णाच्या बोलण्यातील पाठभेदांना अशी तळटीप देणारा एखादा प्रबंध मराठी संभाषणावर लिहिला गेला, तर त्याचा बाह्य परीक्षक मानसशास्त्र विभागातून बोलवावा की भाषाशास्त्र विभागातून, यावर अभ्यासमंडळाची निदान एक बैठक तरी खर्ची पडेल.